अभ्यासाची बचत : विसरण्याआधीची उजळणी

व्यापारी घरातील रात्र बहुधा उशिरा संपते. दुकानाचे शटर खाली येते, गल्ला मोजला जातो, रोजमेळ जुळतो आणि वडील घरी परततात, तेव्हा आतल्या खोलीतील दिवा अजून जळत असतो. वाणिज्य शाखेत शिकणारा व सी.ए. फाउंडेशनची तयारी करणारा मुलगा पुस्तकापुढे बसलेला असतो. पानापानावर पिवळ्या रंगाच्या रेघा ओढलेल्या असतात. कायद्याचे प्रकरण त्या दिवशी तिसऱ्यांदा वाचून झालेले असते. "झाला का अभ्यास?" या प्रश्नाला "झाला" असे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते. त्याला खरोखरच तसे वाटत असते.

पुढे निकाल लागतो. फाउंडेशनच्या चार विषयांत प्रत्येकी किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. एखाद्या विषयात चार गुण कमी पडतात आणि सहा महिन्यांचे कष्ट वाया गेल्यासारखे होतात. मग घरात बैठक बसते. "याचे डोके अभ्यासात चालत नाही, उद्यापासून गादीवर बसू दे," असे कोणी म्हणते. मुलगी असेल तर पुढच्या प्रयत्नाऐवजी स्थळांचा विषय निघतो. दुकानावर बसणे कमीपणाचे मुळीच नाही. परंतु स्वखुशीने दुकानावर येणे आणि "आपल्याला जमत नाही" हा शिक्का कपाळी घेऊन येणे, यांत फार मोठे अंतर आहे. तो शिक्का आयुष्यभर पुसला जात नाही.

अशा कितीतरी घरांत निदानच चुकलेले असते. कमी पडलेली असते ती अभ्यासाची पद्धत, आणि दोष दिला जातो बुद्धीला. माणसाचे स्मरण कसे चालते, याविषयी गेल्या सुमारे १४० वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातून निघालेली एक साधी, जवळजवळ फुकट आणि कोणत्याही घरात आजपासून सुरू करता येईल अशी पद्धत आहे. प्रश्नोत्तरांची छोटी कार्डे करावयाची आणि ती वाढत्या अंतराने स्वतःलाच विचारावयाची, एवढेच तिचे स्वरूप होय.

वाचलेले आणि आठवणारे

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले की ते ओळखीचे होते. डोळ्यांपुढे ओळ आली की पुढची ओळ माहीत आहे असे वाटते. पण परीक्षेत पुस्तक समोर नसते. तेथे कोऱ्या कागदावर स्वतःच्या डोक्यातून उत्तर काढावे लागते. ओळखणे आणि आठवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. रोज दुकानावरून जाणारा माणूस चेहऱ्याने ओळखीचा असतो, परंतु त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. नुसत्या वाचनाने मिळणारी ओळख अशीच असते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक उतारे अभ्यासास दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतरच्या तीन वेळा, उतारा न पाहता, जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्या गटाला उताऱ्यातील ८३ टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. म्हणजे वाचनाची सरशी झाली. परंतु हीच परीक्षा एका आठवड्याने घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१ टक्के.

या प्रयोगातील आणखी एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला पुढे किती आठवेल, असे अभ्यासानंतर विचारले असता, चार वेळा वाचणाऱ्या गटाचा विश्वास अधिक होता. ज्याचे अधिक विसरले जाणार होते, त्यालाच अधिक खात्री वाटत होती. रात्री "झाला अभ्यास" म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो, तो याच भ्रमात असतो. याउलट, पुस्तक मिटून आठवू पाहणाऱ्याला अडखळावे लागते, आपल्याला येत नाही असे वाटते, आणि त्या अडखळण्यातूनच त्याचे पाठांतर पक्के होत असते.

विसरण्याचा हिशेब

विसरण्याचे पद्धतशीर मोजमाप प्रथम केले ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. त्याचा ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना विद्यार्थ्यांचा गट. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. पूर्वीच्या ओळखीचा लाभ होऊ नये म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि ठरावीक काळानंतर त्याच माळा पुन्हा पाठ करण्यास किती कमी वेळ लागतो, हे तो मोजत गेला. दुसऱ्या वेळी वाचलेल्या या श्रमाला त्याने दिलेले नाव व्यापाऱ्यांना जवळचे वाटेल. त्याने त्याला 'बचत' म्हटले.

सुमारे वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती. एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि एका महिन्याने २१ टक्के. निरर्थक अक्षरांचे हे आकडे आहेत. समजून घेतलेला धडा इतक्या वेगाने पुसला जात नाही. परंतु उताराची चाल तीच असते. पहिल्या तासात व पहिल्या दिवसात सर्वांत मोठी घट होते, आणि नंतर उरलेले हळूहळू झिजते. मिळालेली रक्कम बिनहिशेबी ठेवली तर पहिल्या दोन-चार दिवसांतच तिचा मोठा भाग किरकोळ खर्चात जातो, तसेच हे आहे. विसरणे हा मंद बुद्धीचा दोष नाही. तो प्रत्येक मेंदूचा स्वभाव आहे.

एबिंगहाउसला आणखी एक गोष्ट आढळली. बारा अक्षरगटांची एक माळ त्याने एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हटली. दुसऱ्या दिवशी ती बिनचूक येण्यास जेवढे श्रम पडले, तेवढ्याच श्रमांत येण्यासाठी आधीच्या तीन दिवसांत मिळून ३८ आवर्तने पुरली. ६८ च्या जागी ३८! काम तेच, फळ तेच, पण मेहनत निम्म्याच्या जरा वर. भांडवल तेवढेच ठेवून नुसत्या हप्त्यांच्या आखणीत एवढी बचत होत असेल, तर कोणता व्यापारी ती सोडून देईल?

तगाद्याची वेळ

उधारी देणाऱ्या दुकानदाराला तगाद्याची वेळ बरोबर कळते. माल दिल्यावर तासाभराने माणूस पाठवला तर फेरी फुकट जाते. वर्षभर विचारलेच नाही तर रक्कम बुडते. मुदत भरत आली की आठवण करावी. आणि ज्याचा व्यवहार दोन-तीन वेळा चोख ठरला, त्याला पुढच्या वेळी अधिक मुदत द्यावी. ज्याने चुकवले, त्याच्याकडे मात्र लवकर फेरी मारावी.

वाढत्या अंतराच्या उजळणीचे संपूर्ण तत्त्व एवढेच आहे. नुकतेच वाचलेले लगेच पुन्हा वाचण्यात फारसा लाभ नाही, कारण ते अजून डोळ्यांपुढेच असते. पूर्ण विसरून गेल्यावर उजळणी केली तर नव्याने शिकावे लागते. विसरू लागण्याच्या बेतात असताना, थोडा ताण देऊन आठवले, की स्मरण पूर्वीपेक्षा अधिक काळ टिकते, आणि म्हणून पुढची उजळणी अधिक लांब ठेवता येते. आज शिकलेले उद्या विचारावे, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने.

अंतर किती असावे, हे परीक्षा किती दूर आहे त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील निकोलस सेपेडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३५० हून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याभराने विचारले जाणार असेल तर उजळणीमध्ये दिवस-दोन दिवसांचे अंतर लाभदायक ठरते, आणि वर्षाने विचारले जाणार असेल तर ते अंतर सुमारे तीन आठवड्यांचे असावे, असा त्याचा साधारण आशय आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण दुसऱ्या दिवसापुरते काही देऊन जाते. परंतु सी.ए.सारख्या शिक्षणात फाउंडेशनचे ज्ञान पुढच्या इंटरमीजिएटला लागते आणि इंटरमीजिएटचे फायनलला. तेथे एका रात्रीचे भांडवल पुरत नाही.

पाच खणांचा खोका

हे तत्त्व घरोघरी वापरता यावे म्हणून झेबास्टियान लाइटनर या विज्ञानपत्रकाराने १९७२ मध्ये जर्मन भाषेत लिहिलेल्या पुस्तकात एक सोपी युक्ती सांगितली. तिला आज 'लाइटनरचा खोका' म्हणतात. हा खोका करण्यास मिठाईचा किंवा साडीचा एक रिकामा लांब खोका, पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची जाड कागदाची कार्डे पुरतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीही चालतात, मात्र मग प्रश्न व उत्तर एकाच बाजूस वर-खाली लिहून उत्तर हाताने झाकावे लागते.

पट्ट्या लावून खोक्याचे पाच खण करावेत. प्रत्येक नवे कार्ड पहिल्या खणात जाते. पहिला खण रोज पाहावयाचा, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा दर आठवड्याने, चौथा दर पंधरवड्याने आणि पाचवा दर महिन्याने. कार्ड हाती घ्यावे, प्रश्न वाचावा, उत्तर मोठ्याने म्हणावे किंवा कागदावर लिहावे, आणि त्यानंतरच कार्ड उलटावे. उत्तर बरोबर असेल तर कार्ड पुढच्या खणात जाते. चुकले तर ते कोणत्याही खणात असो, पुन्हा पहिल्या खणात येते. पाचव्या खणातही बरोबर आले की ते बाहेर काढून दोरीने बांधून ठेवावे. परीक्षेपूर्वी तो गठ्ठा एकदा चाळला की पुरते. एकदाही न चुकलेले कार्ड अशा रीतीने सुमारे दोन महिन्यांत आपला प्रवास पूर्ण करते.

या व्यवस्थेचे मर्म असे की वेळ आपोआप योग्य ठिकाणी खर्च होतो. जे येते ते दूर सरकत जाते, जे येत नाही ते रोज समोर येते. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचणारा विद्यार्थी, येत असलेल्या आणि येत नसलेल्या भागावर सारखाच वेळ घालवतो. चालणाऱ्या मालाची आणि पडून राहिलेल्या मालाची निगा सारखीच ठेवणारा दुकानदार जसा तोट्यात जातो, तसेच ते आहे.

याला वेळ किती लागेल, याचा हिशेब करून पाहावा. आठवड्याचे सहा दिवस रोज १० नवी कार्डे केली, तर १३ आठवड्यांत, म्हणजे तीन महिन्यांत, ७८० कार्डे होतात. प्रत्येक कार्ड पाच खणांत मिळून किमान पाच वेळा विचारले जाते. म्हणजे गाडी रुळावर आल्यावर रोज सरासरी ५० प्रश्न, आणि चुकलेल्यांचे धरून ६० ते ७०. एका कार्डास १५ सेकंद धरले तरी हे काम १८ मिनिटांच्या आत होते. मोठ्या खणांचा दिवस येईल तेव्हा गठ्ठा दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावा. कार्डे लिहिण्यास आणखी पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तो वेळ वाया जात नाही, कारण प्रश्न तयार करणे हाही अभ्यासच आहे.

कार्ड कसे लिहावे

पद्धत सोडून देणारे बहुतेक जण कार्डांच्या लिखाणात चुकतात. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की एका कार्डावर एकच गोष्ट असावी. वाणिज्य शाखेच्या कायद्याच्या अभ्यासातील एक उदाहरण घेऊ. चेक न वटण्यासंबंधीचे, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ प्रत्येक व्यापाऱ्याच्या कानावरून गेलेले असते. "कलम १३८ विषयी सर्व माहिती सांगा" असे कार्ड केले, तर त्याचे उत्तर अर्धे येते आणि अर्धे येत नाही. मग ते कार्ड पुढे सरकवावे की मागे? त्याऐवजी त्याची अशी छोटी कार्डे करावीत.

चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यावर किती दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते? ३० दिवसांत.

नोटीस मिळाल्यावर रक्कम भरण्यास चेक देणाऱ्याला किती दिवस मिळतात? १५ दिवस.

ती मुदत संपल्यावर किती काळात न्यायालयात तक्रार करावी लागते? एका महिन्यात.

या गुन्ह्यास कमाल कारावास किती? दोन वर्षे.

दंडाची कमाल मर्यादा कोणती? चेकच्या रकमेच्या दुप्पट.

पाच कार्डे, पाच निश्चित उत्तरे. कोणते येते व कोणते येत नाही, हे प्रत्येक वेळी स्पष्ट कळते. ३० आणि १५ यांचा घोटाळा होत असेल तर नेमकी तीच दोन कार्डे पहिल्या खणात राहतील आणि बाकीची पुढे जातील.

दुसरा नियम, कार्डे केवळ आकड्यांची नसावीत, कारणांचीही असावीत. "अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार कसा असतो?" याचे उत्तर "आरंभापासूनच रद्दबातल" असे आहे. त्याच्या जोडीला "हे तत्त्व कोणत्या निकालाने निश्चित झाले?" असे दुसरे कार्ड करावे. त्याचे उत्तर "मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३". आणि "सावकाराचे कर्ज बुडाले तरी न्यायालयाने अल्पवयीनाची बाजू का घेतली?" असे तिसरे. तिसऱ्या कार्डाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आले, तर पहिली दोन आपोआप टिकतात.

हिशेबाच्या विषयातही असेच. एक लाख रुपयांच्या यंत्रावर घटत्या शिलकेच्या पद्धतीने दरसाल १० टक्के घसारा असेल, तर तिसऱ्या वर्षाचा घसारा किती? पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,०००, म्हणून तिसऱ्या वर्षी ८,१००. हे कार्ड ठीक आहे. परंतु "या पद्धतीत घसारा दरवर्षी कमी का होतो?" हे कार्ड अधिक मोलाचे. पहिले एक उदाहरण सोडवते, दुसरे सर्व उदाहरणांना उपयोगी पडते.

तिसरा नियम, कार्ड स्वतःच्या हाताने लिहावे. मित्राकडून आलेली किंवा बाजारात मिळणारी तयार कार्डे आकर्षक वाटतात, पण ती दुसऱ्याच्या वहीतील नोंदींसारखी असतात. त्यामागचा व्यवहार ठाऊक नसेल तर आकड्याला अर्थ नाही. भाषेचा आग्रह मात्र धरू नये. शिक्षण इंग्रजीतून आणि विचार मराठीतून, गुजरातीतून अथवा मारवाडीतून चालत असेल, तर पारिभाषिक शब्द इंग्रजीत आणि कारण घरच्या भाषेत लिहिले तरी चालते.

मोबाईलमधला खोका

खणांचा हिशेब हाताने ठेवण्याऐवजी संगणकाने ठेवावा, ही कल्पना पोलंडमधील पिओत्र वोझ्न्याक या विद्यार्थ्याने प्रत्यक्षात आणली. १९८५ मध्ये त्याने कागदावर स्वतःच्या पाठांतराच्या नोंदी ठेवून योग्य अंतरे शोधली आणि १९८७ मध्ये सुपरमेमो हा संगणकीय कार्यक्रम तयार केला. पुढे २००६ मध्ये डेमियन एल्म्स यांनी 'आन्की' हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाठांतर असा आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवर तो विनामूल्य मिळतो, आयफोनवर त्याचे शुल्क पडते. त्यात देवनागरीत लिहिता येते.

आन्कीत कार्ड उलटल्यावर चार पर्याय येतात. पुन्हा, कठीण, बरोबर आणि सोपे, असा त्यांचा अर्थ. दिलेल्या उत्तरावरून पुढची तारीख कार्यक्रम स्वतः ठरवतो. नव्या विद्यार्थ्याने एक बदल अवश्य करावा. रोज २० नवी कार्डे दाखवण्याची मूळ योजना असते, ती १० वर आणावी. आरंभीच्या उत्साहात ५० नवी कार्डे सहज होतात, परंतु त्यांच्या उजळण्या पुढच्या आठवड्यात एकदम अंगावर येतात. ऐपतीपेक्षा जास्त कर्ज घेणाऱ्याची दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याला जी अवस्था होते, तीच मग होते.

मोबाईल हाती आला की इतर गोष्टीही हाती येतात, ही पालकांची काळजी रास्त आहे. ज्या घरात ती काळजी आहे, तेथे पहिले तीन महिने पुठ्ठ्याचा खोकाच वापरावा. तत्त्व तेच आहे, आणि सवय लागण्यास खोका पुरेसा आहे.

सांभाळण्याच्या गोष्टी

ही पद्धत स्मरणाची आहे, समजुतीची नाही. न समजलेला धडा कार्डांवर उतरवला तर पोपटपंची होते. आधी शिक्षकांकडून व पुस्तकातून विषय समजून घ्यावा, मग कार्ड करावे. तसेच ताळेबंद, जर्नल नोंदी, संख्याशास्त्राची उदाहरणे यांना कागद-पेन्सिलीचा सराव लागतोच. कार्डे त्या सरावाला सूत्रे, व्याख्या आणि नियम पुरवतील. उदाहरण मात्र विद्यार्थ्यानेच सोडवावयाचे.

स्वतःशी प्रामाणिक राहणे, हा या पद्धतीचा प्राण आहे. कार्ड उलटून "हो, हे मला येतच होते" असे म्हणणे फार सोपे असते. उत्तर ओठांवर किंवा कागदावर आल्याखेरीज कार्ड उलटू नये. खोट्या जमेने रोजमेळ जुळतो, पण वर्षअखेरीस ताळेबंद उघडा पडतो.

खंड पडला तर घाबरू नये. दिवाळीचा हंगाम, घरचे कार्य, आजारपण यांत आठ-दहा दिवस सुटतातच. परत आल्यावर नवी कार्डे थांबवावीत, थकलेल्या उजळण्या रोज थोड्या थोड्या करून संपवाव्यात आणि मगच नव्यांना हात घालावा. सर्व थकबाकी एका बैठकीत फेडण्याच्या हट्टापायी कित्येकांनी खोका माळ्यावर टाकला आहे.

आणि कार्डांनाही मुदत असते. चेक सहा महिने चालतो, असे ज्या पिढीने पाठ केले, तिचे पाठांतर पक्के होते. परंतु रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत तीन महिन्यांवर आली. पक्के पाठ असलेली जुनी गोष्ट नव्या विद्यार्थ्याला अधिक घातक असते. कायदा, कर व दर यांची कार्डे करताना मागे महिना-वर्ष टाकावे आणि बदल झाला की जुने कार्ड फाडून नवे लिहावे.

घरच्यांचे काम

महाराष्ट्रातील जुन्या घरांत दिवेलागणीला परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी मुले रोज मोठ्याने म्हणत आणि आजोबा मधूनच एखाद्याला थांबवून "सतरा सक्क?" असे विचारत. त्या पिढीतील व्यापारी आजही कॅल्क्युलेटरच्या आधी उत्तर सांगतात. नुसत्या म्हणण्याने ते झाले नाही. वर्षानुवर्षे, पुस्तक न पाहता, अवचित विचारले गेल्याने झाले. नवी पद्धत त्या जुन्या सवयीला केवळ तारखांची शिस्त लावते.

म्हणूनच या कामात घरच्यांना जागा आहे. वडिलांना नवा अभ्यासक्रम ठाऊक नसेल, आईने वाणिज्य शाखा पाहिली नसेल, आजींचे शिक्षण चौथीपर्यंतच असेल. तरी कार्डाच्या एका बाजूचा प्रश्न वाचून दुसऱ्या बाजूचे उत्तर ताडून पाहणे कोणालाही जमते. रोज वीस कार्डे घरातील कोणीतरी विचारली, तर मुलाला श्रोता मिळतो, आणि घराला मुलाच्या कष्टांचे खरे स्वरूप कळते. उत्तर चुकले तर रागावू नये. चुकलेले कार्ड शांतपणे पहिल्या खणात ठेवावे. उद्या ते पुन्हा विचारावयाचेच आहे.

सुरुवात आज करता येते. एक खोका, चार पट्ट्या, आज शिकवलेल्या धड्यातील दहा प्रश्न. उद्या ते दहा विचारावेत आणि दहा नवे लिहावेत. पंधरा दिवसांनी मुलाला प्रश्नपत्रिका द्यावी आणि पूर्वीच्या गुणांशी ताडून पाहावी. एवढे करून पाहिल्याखेरीज "याचे डोके चालत नाही" हा निकाल कोणत्याही घराने देऊ नये. पुढे मुलगा सनदी लेखापाल होईल किंवा आपल्या आवडीने पेढीवर बसेल, तो निर्णय त्याचा व घराचा. परंतु तो निर्णय त्याच्या बुद्धीविषयीच्या गैरसमजावर उभा नसावा.

रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर "किती वाचलेस?" असे विचारण्याची सवय घरोघरी आहे. त्याऐवजी वडिलांनी खोक्यातले एक कार्ड उचलावे, मुलाजवळ बसावे आणि म्हणावे, "न बघता सांग."